शेवटची ओळ आधी

हातात कुठलाही छापील कागद आला की भाऊ तो खालून वर वाचायचे. लग्नपत्रिका आली तर त्यांना आधी छापखान्याचं नाव कळे, मग निमंत्रक, मग मांडवाची जागा आणि अगदी शेवटी लग्न कुणाचं आहे ते. मिठाईचा डबा, बियाण्याची पिशवी, बसचं तिकीट, सगळं तसंच. एकदा मी त्यांच्यासोबत गोल बाजारात डबे घ्यायला गेले होते, तर हा माणूस दुकानदाराने पुढे केलेला डबा उलटा करून त्याचा तळ बघत बसला. दुकानदार वैतागला. "भैया, डब्बा सीधा भी होता है."

"सीधा तो सब देखते हैं," भाऊ म्हणाले.

ऑफिसात कोणी या सवयीला हसलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. "शेवटची ओळ आधी वाचा जी. लिहिणारा तिथं थकलेला असते. चूक तिथंच बसून राह्यते."

हे वाक्य मी पुढे बऱ्याच मीटिंगांमध्ये माझं म्हणून वापरलं. त्यांचं मी माझ्या नावावर घेतलं आणि माझं एक त्यांच्या नावावर टाकलं. दुसऱ्या गोष्टीबद्दल मी आजवर कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही.

मी मूळची सांगलीकडची. आमच्या घरात भांडण झालं तरी दारं हळू लावायची पद्धत होती, त्यामुळे मनातलं बोलायची सवय लागलीच नाही. नवऱ्याच्या बदलीमागून रायपूरला आले आणि एका लहान कंपनीत टीम सांभाळायचं काम मिळालं. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. सरकारी आरोग्य केंद्रांसाठी आम्ही सॉफ्टवेअर करायचो. केंद्रावर रुग्णाला गोळ्या दिल्या की सोबत एक छापील चिठ्ठी हातात पडायची. गोळीचं नाव, किती घ्यायची, कधी, जेवणाआधी की नंतर, आणि सगळ्यात खाली, किती दिवस. ती चिठ्ठी छापणं हे आमचं मुख्य काम. दिसायला बोटभर कागद.

भाऊ तिथे माझ्या आधीपासून होते. माझ्यापेक्षा वयाने बरेच मोठे, पण कंत्राटावर, म्हणून कागदोपत्री माझ्या हाताखाली. वडील वर्धेकडून रेल्वेत लागून इकडे आलेले. भाऊ रायपूरच्या रेल्वे क्वार्टरातच जन्मले आणि वाढले. माझ्याशी मराठी, साहेबांशी हिंदी, खाली चहाच्या टपरीवरच्या दीदीशी छत्तीसगढी, आणि तिन्ही भाषांत आवाज सारखाच खरखरीत. मे महिन्यात रायपुरात रस्ते वितळतात, तेव्हा हे गळ्यात लोकरीचा मफलर घालून बसलेले. एसीकडे बोट दाखवून म्हणायचे, "हे थंडी मशीनसाठी हाये जी. आपल्याले कोणी विचारलं नाही."

त्यांचं काम बिल्डचं होतं. आम्ही सगळे आपापल्या जागी कोडचे तुकडे लिहायचो. ते तुकडे गोळा करायचे, तपासायचे, एकत्र बांधून केंद्रांवर पाठवता येईल असं गाठोडं करायचं, हे बिल्ड टूल करतं. त्या टूलला जन्मतः थोडीच कामं येतात. बाकीची आपण शिकवायची असतात. लहानशी स्क्रिप्ट लिहायची, तिला नाव द्यायचं, ठरल्या फोल्डरात ठेवायची, की टूल ते काम आपलंच असल्यासारखं करू लागतं. बहुतेक लोक दोन-चार कामं शिकवतात आणि विषय सोडून देतात. भाऊंनी सोडला नाही.

"टूल म्हणजे बदली होऊन आलेला बाबू," ते नव्या पोरांना सांगायचे. "कायदा त्याले सारा मालूम असते. गावचा रस्ता मालूम नसते. तो आपल्याले दाखवा लागते."

त्यांनी लिहिलेल्या टास्कना त्यांनी घरगुती नावं दिली होती. 'झाडू' जुन्या फाइली काढून टाके. 'चाळणी' कोणी तपासणीसाठी घातलेले खोटे रुग्ण विसरून राहिलेत का ते शोधे. 'शेजारीण' नावाचं एक टास्क कोणाच्या फाइलमध्ये काय बदललं ते सगळ्या ऑफिसला कळवत सुटायचं. या टास्कच्या पोटात छोटी छोटी फंक्शनं असत, एकच फंक्शन चार टास्कना पुरे. टास्क आणि फंक्शन यात फरक काय, असं एका मुलाने विचारलं तेव्हा भाऊ चहा ओतत होते. "टास्क म्हणजे काम, फंक्शन म्हणजे हात," ते म्हणाले. "आता चहा ओतून राहिलो, मंग कप धुवीन. काम बदललं, हात तोच."

बिल्ड अडलं की पडद्यावर त्यांचाच आवाज यायचा, कारण संदेशही त्यांनीच लिहिलेले. 'काहून घाई करून राहिला बे? टेस्ट काय तुहा मामा चालवन?' बिलासपूरचा एक पोरगा जागेवरूनच ओरडायचा, "भाऊ, ये काहून क्या होता है?"

"बिल्ड टूटने पे जो मन में आता है ना, वही."

पोरं त्या ओळी पाठ करायची. ज्या मराठी घरांतली पोरं आईशीसुद्धा हिंदीत बोलायची, ती 'काहून' म्हणायला भाऊंच्या बिल्डमधून शिकली. बिल्ड केंद्रांवर पाठवण्याला सगळं जग रिलीज म्हणतं, भाऊ पाठवणी म्हणायचे. "पोट्टी सासरी चालली जी. तिथं तिले कोणी विचारणार नाही. काय पाह्याचं ते इथंच पाहून घ्या."

मला हे सगळं आवडायचं, असं आज लिहायला सोपं आहे. तेव्हा मला लाज वाटायची. आरोग्य विभागाची माणसं भेटीला येणार होती तेव्हा मी भाऊंना बोलावून म्हटलं, संदेश इंग्रजीत करून टाका, बाहेरचे लोक बघतात. खरं कारण बाहेरचे लोक नव्हते. ते लोक मराठी म्हटलं की माझ्याकडे बघतील, आणि ती तसली मराठी असेल, हे मला नको होतं. भाऊंनी 'हव' म्हटलं आणि सगळे संदेश बदलले. एका टास्कचे तेवढे तसेच ठेवले. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

आणखी एक सांगून टाकते. भाऊ दोन डबे आणायचे, एक स्वतःचा आणि एक कोणासाठीही. ज्याचा डबा राहिला त्याला तो मिळे, आणि बायकोच्या हातच्या वांग्याच्या भाजीवर पोरं तुटून पडत. मला ते दर वेळी विचारायचे, "ताई, घेता का जराशी?" मी दर वेळी म्हणायचे, उपवास आहे. आठवड्यातले इतके उपवास कोणी करत नाही. माझे नव्हतेच. त्यांच्या टेबलावर लहानशी बुद्धाची मूर्ती होती, आणि मी काय बघून उपवास धरते हे त्यांना कळत नसेल असं मी स्वतःला समजावत राहिले. माणूस डब्याचा तळ बघून दुकान ओळखणारा. त्याला कळलं नसेल?

संदेश न बदललेलं ते टास्क म्हणजे 'वाचून दाखव'.

भाऊंच्या टेबलावर क्रोशाच्या विणलेल्या रुमालाखाली एक चिठ्ठीचा प्रिंटर असायचा. कुठल्याशा केंद्राने मेला म्हणून टाकलेला. यांनी तो आणून जिवंत केला. केंद्रांवर जो आहे अगदी तोच नमुना, तितकाच हट्टी. 'वाचून दाखव' हे टास्क बिल्डच्या शेवटी त्या प्रिंटरवर नमुन्याची एक चिठ्ठी छापे आणि थांबून राही. पडद्यावर दोन प्रश्न. कोणी वाचलं? काय विचारलं? वाचणारा माणूस ऑफिसातला नको, ही अट. भाऊ रुमालाची घडी करायचे, चिठ्ठी घेऊन जिना उतरायचे आणि टपरीवरच्या दीदीला द्यायचे. ती हातातलं भांडं ठेवून, अक्षराला अक्षर जोडत मोठ्याने वाचायची, आणि अर्ध्यावरच थांबून विचारायची, "अउ कतका दिन खाना हे, ये तो बता!"

"खाल्हे देख, दीदी. सब ले खाल्हे."

"सब ले जरूरी बात ला सब ले खाल्हे काबर लिखे हस?"

काबर म्हणजे का, छत्तीसगढीतलं काहून. भाऊ वर येऊन तेच्या तेच टाइप करायचे. मग बिल्ड पुढे सरकायचं. एखाद्या चिठ्ठीपायी आमचा अर्धा तास जायचा आणि सगळे कण्हायचे. दीदीचा प्रश्न बरोबर आहे, दिवसांची ओळ वर घ्या, असं भाऊंनी मला दोनदा तरी सांगितलं. चिठ्ठीचा नमुना विभागाने मंजूर केलेला होता. बदलायचा तर पत्रव्यवहार आला. मी बघते म्हटलं आणि बघितलं नाही.

भाऊंच्या सगळ्या रचनेत एक मागचं दार होतं, आणि तेही त्यांनीच ठेवलेलं. 'घरगुती' नावाची एक फाइल. टूल ती सगळ्यात शेवटी वाचे, आणि तिच्यातला बदल 'शेजारीण'ही कुणाला कळवत नसे. तिच्यात तुम्ही एखाद्या फंक्शनला जुनंच नाव देऊन नवं लिहिलं, तर टूल तुमचं खरं मानणार. मी एकदा म्हटलं होतं, हे धोक्याचं नाही का? ते म्हणाले, "ज्याच्या घरी जशी चूल. एखाद्याले खरंच अडचण आली तं त्यानं काय माह्या पाया पडाव का? दार पाहिजे जी. चोरासाठी घर बांधत नाही कोणी."

दसऱ्याला भाऊ दरवर्षी नागपूरला जायचे. कंपनी जळत असती तरी गेले असते. त्या वर्षीही गेले. आणि त्याच दिवशी साहेबांचा फोन आला. विभागातल्या कुणा मोठ्या अधिकाऱ्याला चिठ्ठीच्या माथ्यावर बोधचिन्ह हवं होतं, मोठं, ठळक, आणि दुसऱ्या दिवशीच्या पाहणीआधी सगळ्या केंद्रांवर. मी ऑफिस उघडलं. बोधचिन्ह घातलं, ते पडद्यावर छान दिसलं. दुपारी बिल्ड लावलं. सगळी टास्क पार पडली, प्रिंटरमधून चिठ्ठी बाहेर आली आणि पडद्यावर प्रश्न आला. कोणी वाचलं?

खाली टपरी सणाची बंद. रस्त्यावर माणसं होती. पानवाला होता, समोरच्या इमारतीचा पहारेकरी होता. दोन मिनिटांचं काम होतं. पण अनोळखी माणसासमोर चिठ्ठी धरून 'जरा वाचून दाखवता का' म्हणायचं, हे मला जमण्यासारखं नव्हतं. ते भाऊंना जमायचं.

कुणाचंही नाव टाइप करून मोकळी झाले असते. तेही करून बघितलं. दीदीचं नाव अर्धं टाइप केलं. मग खालचा प्रश्न दिसला, काय विचारलं? आणि तिच्या तोंडी खोटा प्रश्न घालायला बोटं वळेनात. मी ते पुसलं. खोटं टाइप करणं मला जमलं नाही, खोटं बोलणारं फंक्शन लिहिणं जमलं. 'घरगुती' उघडली आणि तीन-चार ओळी लिहिल्या. जुनंच नाव, आत काही नाही. न थांबता पुढे जायचं, आणि वाचणाऱ्याचं नाव म्हणून काहीतरी परत द्यायचं. मी भाऊंचं नाव दिलं. त्यांच्या नावावर कोणी शंका घेणार नाही म्हणून. शेवटी एक संदेश.

बिल्ड गेलं. प्रिंटरमधली चिठ्ठी मी घडी करून टोपलीत टाकली. वाचली नाही. उद्या त्या ओळी काढू असं ठरवलं होतं. उद्या पाहणी होती, परवा आणखी काही. भाऊ परत आले, त्यांनी नागपूरच्या संत्र्याच्या बर्फीचा डबा टेबलावर ठेवला. मी त्यातली बर्फी घेतली, कारण ती दुकानची होती.

त्यानंतरच्या बिल्डला टास्क थांबलं नाही. भाऊंनी ते लगेच पाहिलं असणार. पण त्याच सुमारास अभनपूरहून बातमी आली, आणि मग बाकी काही बोलायची वेळ राहिली नाही.

अभनपूरजवळच्या गावातला एक म्हातारा. खाटा विणायचा. गुडघे सुजले म्हणून केंद्रावरून दुखण्याच्या गोळ्या आणल्या, पाच दिवस पुरतील इतक्या. त्या संपल्यावर चिठ्ठी दाखवून दुकानातून आणखी आणल्या, मग आणखी. त्या गोळ्या फार दिवस घेतल्या तर पोटात जखम करतात. त्याला रक्ताची उलटी झाली, रायपूरला आणलं, वाचला. खाट विणण्याइतकं बळ मात्र परत आलं नाही. चिठ्ठीवर किती दिवस ते लिहिलेलंच नव्हतं. केंद्रावरचा प्रिंटर ठरावीक लांबीला कागद कापतो. वर बोधचिन्ह वाढलं, तेवढी खालची ओळ कापली गेली होती. सगळ्या केंद्रांवर. पडद्यावर सगळं होतं. कागदावर नव्हतं. कोणी एकाने ती चिठ्ठी हातात घेऊन वाचली असती तर पहिला प्रश्न तोच आला असता.

साहेबांच्या खोलीत तिघं होतो. साहेब, भाऊ आणि मी. साहेबांना संध्याकाळपर्यंत विभागाला एक नाव कळवायचं होतं; तपास वगैरे नको होता. त्यांनी पडद्यावर 'घरगुती' उघडून ठेवली होती. "भाऊ, लॉग में लिखा है आपने पढ़ा. आप तो नागपुर में थे. मतलब छुट्टी पे जाने से पहले बाईपास करके गए?"

भाऊंनी पडदा स्वतःकडे वळवला आणि सवयीने खालून वाचायला लागले. शेवटची ओळ होती, 'वाचन पूर्ण झाले आहे.'

भाऊंनी जन्मात असं लिहिलं नसतं. त्यांनी लिहिलं असतं, 'वाचलं जी.' ते त्या ओळीवर थांबले. मी त्यांच्या मफलरकडे बघत होते.

"मराठी में है," साहेब म्हणाले. "यहाँ मराठी में और कौन लिखता है?"

खोलीत मराठी माणसं दोन होती. साहेबांना एकच दिसत होतं, कारण दुसरं इंग्रजीत मेल लिहायचं. मी तोंड उघडलं तर एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य माझ्याकडे तयार होतं, अगदी व्याकरणशुद्ध.

भाऊंनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. पडदा परत साहेबांकडे फिरवला. "हाँ साहब, मराठी तो है," ते म्हणाले. मग म्हणाले, "दरवाज़ा मेरा ही बनाया हुआ है."

कंत्राट पुढे वाढलं नाही. जाताना त्यांनी बुद्धाची मूर्ती नेली आणि प्रिंटरवरचा रुमाल नेला. प्रिंटर ठेवून गेले. पोरांनी जिन्यापर्यंत सोबत केली. मला दारातच म्हणाले, "येतो ताई. झाडू दर सोमवारी चालवाव लागते, विसरू नका." मी मान हलवली.

बोधचिन्ह लहान झालं, चिठ्ठी दुरुस्त झाली, मला बढती मिळाली. 'वाचून दाखव' वेळ खातं म्हणून काढून टाकायचं ठरलं होतं, पण भाऊंच्या टास्कवर दुसरी इतकी टास्क टेकलेली की हात लावायला कोणी धजेना. मग माझ्या त्या तीन-चार ओळीच राहू दिल्या. पुढची सगळी वर्षं प्रत्येक पाठवणीच्या शेवटी पडद्यावर भाऊंचं नाव यायचं आणि खाली, वाचन पूर्ण झाले आहे. नव्या पोरांना भाऊ कोण ते माहीत नव्हतं. त्यांच्यात ती म्हण झाली. काही न तपासता पुढे ढकलायचं असलं की म्हणायचे, "भाऊ ने पढ़ लिया, भेज दो." सगळे हसायचे. मी तिथेच बसलेली असायचे.

या वर्षी टूल बदलायचं ठरलं. जुन्या स्क्रिप्टा एक एक करून नव्यात न्यायच्या होत्या. ते काम एका नव्या मुलीला दिलं. तिचं आडनाव मराठी, मी मराठीत बोलले की हिंदीत उत्तर देणारी. एक दिवस माझ्या टेबलाशी आली. "मॅम, ये जो भाऊ हैं, जिनके नाम पे सब मज़ाक करते हैं. मैंने इनकी सारी स्क्रिप्ट पढ़ी. ये आदमी एक भी चीज़ बिना देखे नहीं जाने देता. फिर ये वाला फंक्शन इन्होंने कैसे लिखा? ये इनका लगता नहीं." मग हातातल्या लॅपटॉपवर 'वाचन पूर्ण झाले आहे' या ओळीकडे बोट करून म्हणाली, "और ये मराठी भी... ये तो आपके जैसी है."

तिच्या बोलण्यात आरोप नव्हता. तिला स्क्रिप्टचं कोडं सोडवायचं होतं एवढंच. मी म्हटलं, "हो. माझी आहे." तिने पहिल्यांदा मराठीत विचारलं, "मग नाव त्यांचं काहून?"

मी तिच्यासमोरच त्या ओळी पुसल्या आणि बिल्ड लावलं. प्रिंटर खरखरला, चिठ्ठी आली, आणि पडद्यावर कित्येक वर्षांनी तो आवाज आला. 'कोणी वाचलं? काय विचारलं? ऑफिसातला नको बरं, बाहेरचा सांग.' बिल्ड तसंच थांबवून, चिठ्ठी घेऊन मी रायपूरच्याच टोकाला असलेल्या भनपुरीला गेले.

भाऊ तिथे पुतण्याच्या ट्रान्सपोर्टच्या कचेरीत बसतात, असं कळलं होतं. ट्रकांच्या रांगेमागे पत्र्याची खोली. म्हातारे झालेत, मफलर तोच. एका बिल्टीचा, म्हणजे मालाच्या पावतीचा, कागद खालून वर वाचत होते. मला बघून खुर्ची पुसली. मी बसले नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. दसरा, फंक्शन, त्यांचं नाव, साहेबांची खोली. उपवासांचंही सांगितलं. माझं बोलून होईपर्यंत बाहेर एक ट्रक मागे घेत होते आणि क्लीनर ओरडत होता, "आन दे, आन दे."

"हव," भाऊ म्हणाले. "पण मले काहून सांगून राहिल्या, ताई? मले तं मालूमच होतं."

मी म्हटलं, "मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"मी वाट पाहून राहिलो होतो. तुम्ही बोलान म्हणून. मंग नोकरी गेली, मंग वाट पाह्याची सवयही गेली." त्यांनी कागद खाली ठेवला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं. "ज्याले मालूम नाही त्याले सांगा जी. बुढा तं गेला मागच्या साली. सून हाये त्याची, अभनपूरले. चिठ्ठी तिनं वाचली होती त्याले. घरचे अजूनबी म्हणतात, बहू ने नीचे का पढ़ा ही नहीं."

"तुम्ही सांगितलं नाही तिला?"

"दोनदा गेलो. तिले वाटलं, हा माणूस समजूत काढून राहिला. घरच्यायले वाटलं, नोकरी गेलेला माणूस कंपनीवर जळते. तुम्ही सांगा. तुम्ही मॅडम दिसता."

त्यांच्या टेबलावर दोन डबे होते. या खेपेला त्यांनी विचारलं नाही. मी निघाले तेव्हा माझ्या हातातल्या चिठ्ठीकडे बघून एवढंच म्हणाले, "ते तिलेच वाचू द्या."

अभनपूरचं घर सापडायला वेळ लागला नाही. ओसरीत अर्धवट विणलेली एक खाट भिंतीला टेकून उभी होती, दोऱ्या लोंबत होत्या. सून भाजी निवडत होती. माझ्याच वयाची असेल. मला बघून पदर सारखा केला आणि सासूला हाक मारली. दोघींसमोर मी सांगितलं, हिंदीत, जमेल तितक्या सोप्या शब्दांत. की चिठ्ठी आमच्याकडे तयार व्हायची. की त्या चिठ्ठीत शेवटची ओळ नव्हतीच. की ती न बघता मी पाठवली, आणि आधी दोनदा येऊन हेच सांगून गेलेले भाऊ खरं बोलत होते.

सासू उठून आत गेली. आत भांड्यांचा आवाज झाला.

सुनेने हातातली भाजीची काडी मोडून बाजूला टाकली. मग म्हणाली, "ओ मं आखिरी लाइन रहिबे नइ करिस?"

"नहीं थी. आपने जितना था, उतना पढ़ा."

मी हातातली नवी चिठ्ठी पुढे केली. ती का केली, ते मला नीट सांगता येणार नाही. तिने हात पुसले, चिठ्ठी घेतली आणि मोठ्याने वाचली. शब्दाला शब्द न अडता. गोळीचं नाव, किती, कधी, जेवणानंतर. शेवटच्या ओळीशी आली तेव्हा तिचा आवाज वाढला, आत ऐकू जाईल इतका. "पाँच दिन. इसके बाद बंद करें." मग चिठ्ठी परत देताना माझ्याकडे बघून तिने एकच गोष्ट विचारली. आतून सासूने पाणी पाठवलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

ऑफिसात परत आले तेव्हा ती मुलगी अजून थांबली होती, आणि बिल्डही. मी खुर्चीत बसले. कोणी वाचलं? मी निघताना सुनेने आपलं नाव सांगितलं होतं, ते टाइप केलं. काय विचारलं? तिचे शब्द होते तसेच टाइप केले.

'बताय मं अतेक दिन काबर लगिस?'

भाऊंनी टास्क लिहिताना उत्तरासाठी जागा ठेवलेली नाही.